पाऊस तीन हजार मिलिमीटर, मग मे महिन्यात वाडीवर टँकर का? पळसदरी परिसराचे पाणी समजून घेताना

पळसदरी (ता. कर्जत) : जुलै महिन्यात पळसदरीच्या धबधब्यांवर पाय ठेवायला जागा नसते. एप्रिल उजाडला की याच डोंगरांच्या कुशीतल्या वाड्यांवर बायका ओहळाच्या पात्रात डवरे खोदून, वाटीने पाणी उपसून हंडे भरतात. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाड्यात त्याच्या पाव हिश्शाइतकाही पडत नाही. तरीही जिल्ह्याच्या टंचाई आराखड्यात कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या वाड्या असतातच.

म्हणजे इथला दुष्काळ पावसाचा नाही, साठवणीचा आणि वाटपाचा आहे. हे नीट समजले तरच कोणत्या वाडीला नळ योजना, कुठे टाकी आणि कुठे झऱ्याचे काम करायचे, हे ठरवता येते. नाही तर दरवर्षी टँकर येतो, योजनेचे पाईप पडून राहतात आणि हंडा डोक्यावरचा उतरत नाही.

पाणी आहे, पण खाली

या पट्ट्यात पाण्याची कामे दीडशे वर्षांपासून होत आली आहेत. बोरघाटातून रेल्वे 1863 साली वर चढली. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचे, ते पुरवणारा रेल्वेचा तलाव पळसदरीतच आहे.

पुढे 1915 मध्ये खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरवता या घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठ्या पाईपांतून खाली सोडून वीज तयार होऊ लागली आणि तेच पाणी पाताळगंगेत येऊ लागले. 1922 मध्ये भिवपुरीचे केंद्र झाले. ठोकरवाडी धरणाचे, एरवी पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात गेले असते ते पाणी पेज नदीत उतरले. म्हणून पाताळगंगा आणि पेज उन्हाळ्यातही वाहतात. राजनाला कालव्यावर कर्जतचे शेतकरी दुबार भात घेतात तो याच पाण्यावर.

खालापूर तालुक्यात चौकजवळ मोरबे धरण आहे. ते नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे असून त्यावर नवी मुंबईची तहान भागते. मोठ्या शहरांच्या गरजेसाठी कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार धरणांना राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मान्यता दिली आहे.

ज्या पाण्याला मोठे गिऱ्हाईक मिळाले, त्याला धरण, कालवा, पाईप सगळे मिळाले. वाड्या मात्र बहुतेक उतारावर किंवा माचीवर आहेत आणि नदी शे-दोनशे मीटर खाली आहे. नदी डोळ्यांना दिसते, पण तिचे पाणी वाडीपर्यंत चढत नाही.

पडलेला पाऊस जातो कुठे?

सह्याद्रीचा खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. लाव्हाचे थर एकावर एक बसून तो तयार झाला आहे. हा खडक वाळूसारखा पाणी पीत नाही. पाणी मुरते ते फक्त वरच्या मुरुमात, खडकाच्या भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. खाली घट्ट पाषाण किंवा लाल मातकट थर लागला की पाणी अडते, आडवे सरकते आणि डोंगराच्या पोटातून झरा होऊन बाहेर पडते.

डोंगर उतारावरचा मुरुमाचा थर अनेक ठिकाणी जेमतेम काही फुटांचा आहे. ही एवढीच इथली टाकी. जुलैत ती काठोकाठ भरते आणि उरलेला सगळा पाऊस ओहळातून थेट समुद्राकडे जातो. दिवाळीनंतर ती हळूहळू रिकामी होऊ लागते. फेब्रुवारीत झरा बारीक होतो आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो.

म्हणूनच पावसाचा आकडा फसवा आहे. तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडून गेला, तर उरलेल्या आठ महिन्यांना त्याचा उपयोग किती, हे खडकात किती पाणी राहिले यावर ठरते. डोंगराच्या माथ्यावरचे झाड तुटले, माती वाहून गेली, की ही छोटी टाकी आणखी छोटी होते.

युद्धाच्या छावणीचा निकष आणि आपली वाडी

युद्ध, भूकंप किंवा दुष्काळामुळे घर सोडावे लागलेल्या लोकांच्या छावण्यांसाठी जगभरच्या मदत संस्था ‘स्फिअर’ नावाचे किमान निकष पाळतात. त्यानुसार माणशी रोज किमान 15 लिटर पाणी मिळाले पाहिजे. पाण्याची जागा घरापासून 500 मीटरपेक्षा लांब नको. एका नळावर 250 पेक्षा जास्त माणसे नकोत. रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जायला नको.

हे निकष सर्वस्व गमावलेल्या माणसांसाठी आहेत, चांगल्या जगण्यासाठी नाहीत. आता मे महिन्यातली एखादी वाडी डोळ्यांसमोर आणा. डवऱ्यात पाणी साचेपर्यंत तास-तास बसावे लागते, पहाटे तीनला उठून नंबर लावावा लागतो, चढ-उतार धरून किलोमीटरभर चालावे लागते. कुणी विस्थापित नाही, सगळे आपल्याच घरात राहतात, तरी छावणीचा निकष पुरा होत नाही.

आपल्याकडचे सरकारी निकषही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. टंचाईत टँकरने पाणी देताना माणशी रोज 20 लिटर धरले जातात. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर असा आहे.

पाच माणसांच्या घराला 55 लिटरने रोज 275 लिटर लागतात. 15 लिटरचा हंडा धरला तर अठरा हंडे. एवढे पाणी डोक्यावरून आणणे शक्यच नाही. म्हणून पाणी लांब असते तिथे लोक पाणी कमी वापरतात. आधी अंघोळ, मग कपडे, मग हात धुणे मागे पडते, आणि पावसाळ्याच्या तोंडाला जुलाब-उलट्यांची साथ आली की त्याचे कारण इथे सापडते.

नळ आला, पाणी कुठंय?

अनेक वाड्यांवर घरासमोर नळाचे स्टँड उभे आहेत, पण उन्हाळ्यात ते कोरडे. यामागे साधारण चार कारणे असतात.

पहिले आणि सगळ्यात मोठे कारण म्हणजे उद्भव. योजना ज्या विहिरीवर किंवा झऱ्यावर उभी आहे, त्याला सरकारी भाषेत उद्भव म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाहणी केली तर या भागातली कोणतीही विहीर भरलेलीच दिसते. त्या पाण्याच्या भरवशावर पाईप टाकले की मार्चमध्ये योजना बसते.

दुसरे कारण वीजबिल. शंभर मीटर खालच्या विहिरीतून दोनशे माणसांचे 11 हजार लिटर पाणी चढवायला, पंप आणि पाईपातली तूट धरून रोज साधारण सात-आठ युनिट वीज जाते. आकडा मोठा नाही. पण पाणीपट्टी गोळा होत नसेल तर बिल थकते, मीटर कापला जातो आणि पंप गंजतो.

तिसरे कारण देखभाल. वणव्यात पाईप जळतो, ट्रॅक्टरखाली फुटतो, वरच्या घरांनी तोट्या उघड्या ठेवल्या की शेवटच्या घराला थेंब मिळत नाही. दुरुस्ती कुणी करायची हे ठरलेले नसले की छोटी गळती योजना बंद पाडते.

चौथे कारण जागा. झरा वनखात्याच्या हद्दीत, वाडी गावठाणाबाहेर, टाकीची जागा खासगी. कागद अडकला की काम अडकते.

आधी मोजा : बादली आणि घड्याळ

या सगळ्यावरचा पहिला उपाय फुकट आहे. एप्रिल आणि मे महिन्यात, दर आठवड्याला एकदा, झऱ्याखाली बादली धरायची आणि ती किती वेळात भरते ते वहीत लिहायचे.

समजा मे महिन्यात 10 लिटरची बादली भरायला दोन मिनिटे लागली. म्हणजे मिनिटाला 5 लिटर. दिसायला ही धार करंगळीएवढीही नाही. पण चोवीस तासांत तिचे 7,200 लिटर होतात. दोनशे वस्तीच्या वाडीला माणशी 36 लिटर. टँकरच्या निकषापेक्षा जास्त!

मग टंचाई का भासते? कारण पाणी चोवीस तास येते आणि बायका पाण्यावर दिवसाच जातात. रात्रीच्या दहा तासांत 3,000 लिटर पाणी कुणी न भरता वाहून जाते. अशा ठिकाणी नवीन बोअर मारायची गरज नसते. झऱ्याच्या तोंडाशी पक्की बंदिस्त कुंडी आणि खाली आठ-दहा हजार लिटरची टाकी बांधली की तीच धार पुरते.

विहिरीचेही असेच. संध्याकाळी पाणी उपसून पातळी खाली न्यायची आणि सकाळी किती चढली ते मोजायचे. विहिरीत किती पाणी दिसते यापेक्षा रात्रीत किती भरते, हे महत्त्वाचे.

मे महिन्याच्या नोंदींची ही वही ग्रामसभेत आणि पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्यासमोर ठेवली की उद्भव टिकणारा आहे की नाही, यावर वाद उरत नाही.

कुठल्या वाडीला काय लागू पडेल?

*झरा वाडीच्या वर असेल तर :* सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ काम म्हणजे उताराने येणारे पाणी. दर दहा मीटर उंचीला पाईपात साधारण एक किलो दाब मिळतो. पंप नाही, बिल नाही. झऱ्याचे तोंड बांधून घ्यावे, वर जाळी आणि झाकण हवे, जनावरांसाठी खाली वेगळा हौद हवा. झऱ्याच्या वरच्या अंगाला शौचालयाचा खड्डा, गोठा किंवा धुणे नको.

*झरा बारीक होत असेल तर :* भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 सालापासून राज्यात काम करते. बेसाल्ट खडकासाठी या यंत्रणेकडे काही खास पद्धती आहेत. ओहळाखालच्या भेगांमधून निसटणारे पाणी सिमेंट भरून अडवता येते. विहिरीभोवती ठरावीक अंतरावर बोअर घेऊन सुरुंगाने खडकात भेगा पाडल्या की विहिरीकडे पाणी येण्याची वाट वाढते. पात्रात कठीण खडकापर्यंत चर खोदून भूमिगत बंधारा घातला की मुरुमात साठलेले पाणी उन्हाने उडून जात नाही. कोणती पद्धत कुठे लागू पडते, हे भूवैज्ञानिकाने जागा बघूनच ठरवायचे असते.

*विहीर खाली, वाडी वर असेल तर :* इथे सौर पंप उपयोगी पडतो. पाणी कमी पडते त्या महिन्यांतच ऊन कडक असते. दिवसा वरची टाकी भरायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी सोडायचे. मात्र पंपाची दुरुस्ती कोण करणार, हे बसवण्याआधी ठरले पाहिजे.

*बोअरवेल :* खडकात भेग लागली तर पाणी, नाही तर धूळ. सर्वेक्षण न करता मारलेली बोअर हा जुगार आहे. त्यातच कर्जत-खालापूर परिसरात फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या खोल बोअर वाढल्या आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर किंवा बोअर घेता येऊ नये, अशी तरतूद राज्याच्या 1993 च्या भूजल कायद्यातच आली. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांना संरक्षण देणारा 2009 चा कायदाही आहे. वाडीच्या विहिरीशेजारी मशीन उभी राहिली तर ग्रामपंचायतीने ही तरतूद दाखवून तहसीलदारांकडे लेखी तक्रार करावी.

*वनराई बंधारे :* सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून ओहळ अडवायचा. श्रमदानातून एका दिवसात होतो. पण तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाणी वाहते असतानाच बांधला पाहिजे. जनावरांना, भाजीपाल्याला आणि जवळच्या विहिरीला त्याचा आधार मिळतो. मे महिन्याच्या पिण्याच्या पाण्याची भिस्त मात्र त्यावर ठेवू नये.

*घराचे छप्पर :* तीन मीटर पाऊस म्हणजे तीस चौरस मीटरच्या छपरावर 90 हजार लिटर पाणी. पाच माणसांना फक्त पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी पाच लिटरने, चार महिन्यांना 3,000 लिटर लागतात. तेवढी झाकणाची टाकी घराला असली तर पिण्यासाठी डवऱ्यावर जावे लागत नाही. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, टाकीत उजेड आणि डास जाऊ देऊ नयेत. एकाकी, विखुरलेल्या घरांना हाच उपाय बरा पडतो.

डोंगरात चर खोदून पाणी मुरवण्याचे काम मात्र या भागात सरसकट करता येत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, हे कुणी विसरलेले नाही. वस्तीच्या वरच्या तीव्र उतारावर पाणी मुरवण्याआधी भूवैज्ञानिकाचे मत घेतलेच पाहिजे.

वनखात्याची जागा आडवी येते तेव्हा

‘फॉरेस्ट परवानगी देत नाही’ हे वाक्य वाड्यांवर सर्रास ऐकू येते. पण वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये तेरा प्रकारच्या गावसोयींसाठी वनजमीन देण्याची सोय आहे. त्यात पिण्याचे पाणी, पाण्याची पाईपलाईन, छोटे तलाव आणि पाणी साठवण्याची कामे स्पष्टपणे आहेत. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा लागत असेल, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तुटणार नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल, तर हा रस्ता मोकळा आहे. यासाठी प्रस्ताव दिल्लीला जाण्याची गरज नसते. तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे जातो.

पाईपलाईनला लागणारी जागा या मर्यादेच्या कितीतरी आत बसते. ठराव मात्र नेमका हवा : कोणता झरा, कोणता सर्व्हे नंबर, किती लांबीची पाईपलाईन, किती झाडे.

कातकरी वाड्यांचा वेगळा प्रश्न

कर्जत-खालापुरातली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. जानेवारी-फेब्रुवारीत सर्वेक्षणाला माणूस आला तर घरांना कुलूप दिसते आणि वाडी यादीतून सुटते. शिवाय वाडी दहा-पंधरा घरांची असली की नळ योजनेच्या हिशेबात बसत नाही.

कातकरी समाज विशेष दुर्बल आदिवासी गटात येतो. 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात 20 पेक्षा कमी घरांच्या वस्त्यांसाठी सामुदायिक पाणीपुरवठ्याची तरतूद आहे. म्हणून वाडीतली घरे मोजायची तर ती पावसाळ्यात, माणसे घरी असताना, ग्रामपंचायतीच्या ठरावासह मोजून ठेवावीत.

कोणत्या महिन्यात काय करायचे?

टंचाई कृती आराखडा तीन टप्प्यांत होतो : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. टँकरची मागणी तिसऱ्या टप्प्यात होते, पण विहिरीचा गाळ काढणे, विंधन विहीर दुरुस्ती, नळ योजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना आणि खासगी विहीर अधिग्रहण हेही याच आराखड्यात बसते. ही कामे आधी झाली तर टँकरची वेळ उशिरा येते.

त्यामुळे वाडीचे वर्ष साधारण असे लावता येईल :

- 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मे महिन्याच्या नोंदींची वही वाचणे आणि वाडीचे नाव, घरे, माणसे यांसह ठराव घेणे.
- 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत टंचाई आराखड्यासाठी कामांची यादी देणे. पाणी वाहते तोवर वनराई बंधारे बांधणे.
- डिसेंबर-जानेवारीत पाईप, तोट्या, पंप तपासणे, वणव्याआधी पाईप मातीत गाडणे.
- 26 जानेवारीच्या ग्रामसभेत पाणीपट्टीचा हिशेब मांडणे.
- फेब्रुवारीत टाकी आणि विहीर साफ करणे. जलसुरक्षकाकडून टीसीएल पावडर आणि क्लोरीनची तपासणी नियमित करून घेणे.
- एप्रिल-मेमध्ये बादली आणि घड्याळ. 1 मेच्या ग्रामसभेत ताजा आकडा सांगणे.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या तरी महिला असाव्यात असा नियम आहे. अनेक ठिकाणी त्यांची नावे कागदावर असतात आणि जागा पुरुष ठरवतात. पण कोणता डवरा मे महिन्यातही पाझरतो, कोणती विहीर रात्रीत भरते, कुठल्या कातळाखाली ओल राहते, हे हंडा वाहणाऱ्या बाईला तोंडपाठ असते. अभियंता पाहणीला आला की त्याच्यासोबत तिने डोंगर चढला पाहिजे, आणि तिने दाखवलेल्या जागेची मे महिन्यात मोजणी झाल्याशिवाय पाईपचे टेंडर निघता कामा नये.